पेन्सिलची फुली

फुलीची एक रेघ सहा मिलिमीटर होती, दुसरी चार. दोन्ही जिथे छेदत होत्या तिथे कागद किंचित दबला होता, कारण शिकलगार पेन्सिल अगदी टोकदार ठेवत आणि फुली मारताना मनगट टेकवत नसत. माझ्या घरकर्जाच्या अर्जावर त्यांनी अशा एकवीस फुल्या मारल्या होत्या. जिथे फुली तिथे सही, नाहीतर उत्तर. एकेक जागा भरून झाली की ते खोडरबराने फुली पुसत आणि कागदावर फुंकर मारत. वीस पुसून झाल्या होत्या.

"ही राहिली, मॅडम," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. घराचा वापर: स्वतः राहण्यासाठी की भाड्याने देण्यासाठी? पुढे दोन रिकामे चौकोन.

"नंतर भरते."

"परवा पण हेच म्हणालात. गुंतवणूक म्हणून घेताय ना? मग भाड्याने लिहू?"

"नको. थांबा जरा."

शिकलगारांनी पेन्सिल कानामागे खोचली. "तुमच्यामुळं माझी फी ठरेना झालीय बघा," ते म्हणाले, आणि समोर चष्म्याची काडी बदलून घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना बसायला माझ्या शेजारचं स्टूल दिलं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, सांगलीतली. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. विश्रामबागेत एक फ्लॅट माझ्या पाहण्यात आला होता. दुसरा मजला, एक खोली, स्वयंपाकघर, पूर्वेला छोटी गॅलरी. मालक मुलाकडे बंगळूरला कायमचे निघाले होते. मी विसार देऊन बसले होते. महिनाअखेरपर्यंत बँकेचं कर्ज मंजूर झालं नाही तर विसारही जाणार होता आणि फ्लॅटही.

कर्ज काढून देणारा माणूस शोधायचा तर लोक ओळखीत विचारतात. मला ओळखीत विचारायचं नव्हतं, कारण सांगलीत सकाळी विचारलेली गोष्ट संध्याकाळी घरी पोचते. मी तीन नावं काढली आणि तिघांना तेच पाच प्रश्न विचारायचे ठरवले. पहिल्याचं ऑफिस वातानुकूलित होतं. त्याने एकही प्रश्न पुरा होऊ दिला नाही, कर्जाच्या एक टक्का रक्कम रोख आधी मागितली आणि दोनदा विचारलं, "मिस्टर नाही आले?" दुसऱ्याने फोनवरच सांगितलं की मिस्टरांना घेऊन या, मग बोलू. तिसरं नाव आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या हौसाबाईंनी दिलं होतं. त्यांच्या घराचं कर्ज त्याच माणसाने काढून दिलं होतं. "गोड बोलत नाही," हौसाबाई म्हणाल्या होत्या, "पण खोटं पण बोलत नाही."

शिकलगार स्टँडमागच्या गल्लीत मेव्हण्याच्या चष्म्याच्या दुकानात एक टेबल टाकून बसत. टेबलामागच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता, वर मोठं अक्षर, खाली लहान होत गेलेल्या ओळी. बँकेच्या कागदावरच्या बारीक अटी कुणाला वाचता आल्या नाहीत की ते मेव्हण्याकडून भिंग आणून समोर ठेवत आणि म्हणत, "वाचा. न वाचता सही केली तर मी फाइल घेत नाही." माझ्या पाच प्रश्नांपैकी तीनची त्यांनी उत्तरं दिली. दोनदा म्हणाले, माहीत नाही, विचारून सांगतो. आमच्या प्रयोगशाळेत जो माणूस 'माहीत नाही' असं लिहू शकतो त्याच्याच बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवतात. मी तिथेच कागद काढले.

त्यांच्या फीची पद्धत मात्र मी कुठे पाहिली नव्हती. घर राहायला घेणाऱ्याकडून ते तीन हजार घेत, आणि तेही दुकानात नाही. किल्ली मिळाली, सामान लागलं, की नव्या घरातला पहिला चहा प्यायला ते जात आणि तिथे फी घेत. घर भाड्याने देणार असेल तर दहा हजार, इथेच टेबलावर, मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी. मी कारण विचारलं. "राहणारा पोटाला चिमटा घेऊन घर घेतो," ते म्हणाले. "दुसरा धंदा करतो. मग मी पण धंदा करतो."

म्हणून त्या एकविसाव्या फुलीवर त्यांची फी अडली होती.

माझंही तिथेच अडलं होतं. फ्लॅट पाहायला गेले तेव्हा मी टेप नेली होती. मापं घेत असताना मालकांच्या पत्नीने सहज विचारलं की कपाट कुठे ठेवाल, आणि मी लगेच उत्तरेची भिंत दाखवली. रस्त्यावर आल्यावर मला जाणवलं की भाडेकरूचं कपाट कुठे असावं हे कुणी इतक्या पटकन ठरवत नाही. पण त्यापुढचा विचार मी केला नाही. गिरीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, यातलं काही सांगितलंही नाही. तो नाही म्हणाला नसता. "अगं, घे की, भाडं येईल," म्हणाला असता, आणि मग त्या चौकोनाचं उत्तर त्याने दिलेलं झालं असतं.

गिरीशबद्दल वाईट सांगण्यासारखं काही नाही. तो सकाळच्या शाळेत भूगोल शिकवायचा, दीडपर्यंत घरी यायचा, कधी आवाज चढवायचा नाही. आम्हाला मूल नव्हतं आणि त्याचाही त्याने कधी बोल लावला नाही. गावात त्याची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. वीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी रस्त्यात भेटला तरी तो त्याचं नाव, वडलांचं नाव, वर्ग, तुकडी सगळं सांगायचा. एका लग्नात पंगतीत जिलबी वाढणारा नुसतं "सर, घ्या ना" म्हणाला, तर गिरीशने वर न बघता विचारलं, "काय रे संपत, बापूंचा गुडघा कसा आहे?" तो मुलगा ताट तसंच धरून उभा राहिला. मी शेजारी बसले होते. मला त्याचा अभिमान वाटला होता.

एक गोष्ट इथे सांगून ठेवायला हवी. मला नोकरी लागली ती लग्नाच्या दोन वर्षं आधी. त्यामुळे पदवी, सेवापुस्तक, पॅनकार्ड, पगाराचं खातं, सगळ्यावर माझं माहेरचं नाव होतं: चारुशीला गोविंद पेंडसे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरं नाव लिहिलं गेलं. गिरीश म्हणजे शंकर, तेव्हा बायको उमा, असं भटजी म्हणाले आणि सगळ्यांना ते आवडलं. कचेरीत नाव बदलायचं म्हणजे राजपत्रात छापून आणायला लागतं. सासरे म्हणाले, कशाला खटाटोप, पगार आला म्हणजे झालं. म्हणून मी कचेरीत पेंडसे मॅडम राहिले, आणि रेशनकार्डावर, दारावरच्या पाटीवर, शेजारपाजारी उमा बर्वे झाले. सोळा वर्षं मी सकाळी साडेनऊला एका नावात जात होते आणि सहाला दुसऱ्यात परत येत होते. त्यात मला काही खटकलं नव्हतं. गिरीश मला यांपैकी कोणत्याच नावाने हाक मारायचा नाही. "अगं" म्हणायचा.

शिकलगारांच्या लक्षात ही भानगड पहिल्याच दिवशी आली होती. दोन्ही नावांची बाई एकच, असं त्यांनी स्टँपपेपरवर माझ्याकडून लिहून घेतलं. शिवाय बजावलं की बँकेचा तपासनीस पत्ता बघायला घरी येईल, शेजारी विचारेल, तेव्हा घरी सांगून ठेवा. "त्याच्या कागदावर फक्त चारुशीला, दारावर उमा. घरच्यांचा गोंधळ व्हायचा." मी त्यांना सांगितलं की शनिवारी पाठवा, शनिवारी मी घरीच असते. आणि घरी सांगायचं तसंच राहू दिलं.

त्यानंतरच्या गुरुवारी शिकलगारांचा कचेरीत फोन आला. एरवी ते फोनवरही एखादा विनोद करत. त्या दिवशी म्हणाले, "सुटल्यावर या. फोनवर नको."

साडेपाचला मी पोचले. त्यांनी मला बसायला सांगितलं, मेव्हण्याला काही तरी आणायला बाहेर पाठवलं, आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. तपासनीस शनिवारची वाट न बघता मंगळवारीच जाऊन आला होता.

मी वाचलं. भेट, मंगळवार, दुपारी २.४०. अर्जदार चारुशीला गोविंद पेंडसे या पत्त्यावर राहत नाहीत. शेजारी दोघांना विचारले, या नावाची व्यक्ती माहीत नाही. भेटलेली व्यक्ती: गि. वि. बर्वे, घरमालक. अर्जदाराशी नाते: नाही. अर्जदाराची ओळख: नाही.

खाली सही होती. आमच्याकडे एखादा निकाल अपेक्षेबाहेर आला की आधी उपकरण तपासतात, मग नमुना, मग वाचणाऱ्याचे डोळे. मी पत्ता तपासला, बरोबर होता. घराचा क्रमांक बरोबर. मग सही पाहिली. बर्वेमधल्या रफाराला एक अनावश्यक गाठ असते, ती होती. सोळा वर्षं प्रगतिपुस्तकांच्या गठ्ठ्यांवर मी ती गाठ पाहत आले होते. कागदाच्या वरच्या बाजूला माझं पूर्ण नाव ठळक टाइप केलेलं होतं, सहीपासून जेमतेम बारा सेंटिमीटरवर.

"वाचून दाखवलं होतं का त्यांना?" मी विचारलं.

"तपासनीस वाघमोडे वाचून दाखवतात. पोस्टमन होते ते, पंचवीस वर्षं टपाल टाकलंय. पत्ता चुकत नाहीत." शिकलगार माझ्याकडे बघत नव्हते. "दोनदा विचारलं म्हणाले. सरांनी चष्मा लावून वाचलं, आणि नाही म्हणाले."

मला एकदम आठवलं की साखरपुडा आणि लग्न यांच्यामधल्या दोन महिन्यांत गिरीशने मला दोन पत्रं लिहिली होती. पाकिटावर त्याच्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात नाव होतं: कु. चारुशीला पेंडसे. म्हणजे त्याला कधीकाळी माहीत होतं.

"शेजाऱ्यांचं मी समजू शकते," मी म्हणाले.

शिकलगारांनी कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले की मिस्टरांना या कर्जाची कल्पना नसेल तर त्यांनी मुद्दाम नकार दिला असं धरू नका. बँकेचं नाव काढलं की लोक आधी नाहीच म्हणतात, वसुली समजतात. यावर उपाय आहे, ते साहेबांना सांगून पुन्हा भेट लावतील. मात्र दुसऱ्या भेटीत घरच्या माणसाने स्वतःच्या तोंडाने अर्जदाराची ओळख सांगावी लागेल, कागदावरच्या नावासकट. तसा नियम आहे.

मी पर्स उघडली आणि म्हणाले की तुमचा इतका वेळ गेला, निदान आजपर्यंतचं काय ते घ्या.

"पर्स मिटा," ते म्हणाले. "परत आलेल्या फाइलची फी मी घेत नाही. आणि तुमची अजून ठरलेली पण नाही."

एका चाचणीवर निष्कर्ष काढायचा नाही, हे मला अठरा वर्षांचं वळण. घरी जाईपर्यंत मी स्वतःला हेच सांगत होते. त्याने बँकवाल्याला टाळलं असेल. मुद्दाम तसं सांगितलं असेल. मुद्दाम सांगितलं असेल तर बरं, असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याचंच नवल वाटलं.

गिरीश दिवाणखान्यात पुरवणी परीक्षेचे पेपर तपासत होता. मी गवार निवडायला घेऊन समोर बसले. थोड्या वेळाने विचारलं की मंगळवारी कुणी आलं होतं का.

"मंगळवारी? हो, बँकेचा माणूस आला होता एक. वाघमोडे. ढालगावचे आहेत, थोरला मुलगा पोलिसात." त्याने एका पेपरवर गुण लिहिले. "कुणा बाईला शोधत होते. पत्ता चुकला होता त्यांचा."

"कुणाला?"

"अगं, नाव लांबलचक होतं काही तरी. आडनाव पेंडसे. म्हणून लक्षात राहिलं, म्हटलं तुला विचारावं, तुझ्या माहेरच्यांपैकी कुणी आहे का अशी."

मी गवारीचं देठ काढलं. "नाव आठवत नाही?"

"सुशीला की काय. का गं, आहे का कुणी?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, खरोखर उत्तर हवं म्हणून. त्याच्या चेहऱ्यावर काही लपवल्याची खूण नव्हती. मी ती शोधत होते, अगदी आशेने शोधत होते.

"आहे एक," मी म्हणाले.

"मग त्यांचा पत्ता कळव बँकेला," गिरीश म्हणाला आणि पुढचा पेपर उघडला. नावाची जागा वाचून हसला. "हा बघ, हणमंत शेजुळचा पोरगा. बापासारखंच अक्षर."

मी गवार घेऊन स्वयंपाकघरात गेले. मला रडू आलं नाही. मी नळ सोडून पाण्याखाली हात धरून उभी राहिले आणि नळाची धार मनात मोजत राहिले, मिनिटाला किती लिटर. भाजी त्या दिवशी खारट झाली. गिरीशने ती न बोलता खाल्ली. तेवढा तो नेहमीच चांगला होता.

शुक्रवारी मी त्याला एवढंच सांगितलं की उद्या अकराला माझ्याकडे दोघं जण येणार आहेत, तू घरी थांब. शनिवारी त्याची शाळा दहालाच सुटायची. तो बरं म्हणाला. कोण, कशाला, हे त्याने विचारलं नाही.

शनिवारी अकराला पाच मिनिटं असताना बेल वाजली. गिरीशनेच दार उघडलं.

"अरे, वाघमोडे! या. पुन्हा चुकलात का पत्ता?"

वाघमोडे पन्नाशी उलटलेले, बारीक, पायजमा आणि पांढरा शर्ट घातलेले गृहस्थ होते. त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवल्या. "नाही सर," ते म्हणाले. "पत्ता बरोबर आहे."

त्यांच्यामागून शिकलगार आत आले, कानामागे पेन्सिल, काखेत माझी फाइल. मी चहा विचारला. वाघमोड्यांनी घेतला. शिकलगार म्हणाले, "माझा चहा फीच्या वेळी." गिरीशला तो विनोद कळला नाही, तरी यजमान म्हणून तो हसला. त्याने मला नजरेनेच विचारलं, हे काय आहे? मी म्हणाले की मी एक फ्लॅट घेते आहे, त्याच्या कर्जासाठी हे आले आहेत.

त्याने एकदा फाइलकडे बघितलं. मग म्हणाला, "अगं, बोलली नाहीस. चांगलं आहे की. भाडं येईल." आणि खुर्ची पुढे ओढून बसला.

शिकलगारांनी फाइल उघडली नाही. नुसता हात ठेवला तिच्यावर.

वाघमोड्यांनी आधी माझं ओळखपत्र पाहिलं, फोटो आणि चेहरा ताडून घेतला, लिहिलं. मग नवा फॉर्म घेतला, आणि गिरीशकडे वळून फार अदबीने म्हणाले की घरातल्या एका माणसाने ओळख पटवून द्यावी लागते, दोन मिनिटांचं काम आहे.

"सर, या तुमच्या कोण?"

"अहो, बायको."

"नाव?"

"उमा. उमा गिरीश बर्वे. पाटीवर आहे की."

"ते झालं, सर. अर्जावरचं नाव लागतं. लग्नाआधीचं. तुमच्या तोंडून लिहायचं असतं."

"पेंडसे," गिरीश म्हणाला. "माहेरची पेंडसे. उमा पेंडसे."

वाघमोड्यांचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. "उमा नाही, सर."

गिरीशने मान वर केली आणि छताच्या कोपऱ्याकडे बघितलं. ती त्याची नजर मी शेकडो वेळा पाहिली होती. रस्त्यात कुणी "सर, ओळखलंत का?" म्हणालं की तो असाच वर बघायचा आणि दोन सेकंदांत नाव घेऊन खाली यायचा. आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा जरा अडखळत पुढे सरके, त्याचा आवाज येई. मी मोजलं. नऊपर्यंत मोजलं. मी मनातल्या मनात त्याला मदत करत होते, हे सांगायला मला आजही संकोच वाटतो. मी म्हणत होते, पाकीट आठव. निळ्या शाईचं. तू स्वतः लिहिलं होतंस.

तो खाली बघून हसला. मग माझ्याकडे वळला.

"अगं," तो म्हणाला, "सांग ना."

वाघमोड्यांनी पिशवीतून मंगळवारचा कागद काढला आणि गिरीशच्या हातात दिला. "मंगळवारी हेच वाचून दाखवलं होतं, सर," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. चुकीच्या घरी टाकलेलं पत्र परत मागावं, इतक्या हळू ते म्हणाले.

गिरीशने चष्मा लावला. त्याने वरचं नाव वाचलं, मग खालची स्वतःची सही, मग पुन्हा वर गेला. नाते: नाही, या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"चारुशीला," तो म्हणाला. वर्गात नवीन मुलीचं नाव हजेरीपटावरून पहिल्यांदा घ्यावं तसं त्याने ते अक्षर अक्षर उच्चारलं. "अगं... ही तू?"

मी होकारार्थी मान हलवली. इतकी वर्षं मला वाटत होतं की या घरात काही तरी कमी आहे आणि ते काय ते मला नेमकं मांडता येत नाही. माझ्यासारख्या बाईला ज्याचं माप घेता येत नाही त्याविषयी बोलणं जड जातं. आता ते कागदावर आलं होतं, तारीख, वेळ आणि सहीनिशी.

"मला कसं काय..." गिरीश म्हणाला. "मला सगळ्यांची नावं..." मला त्याची दया आली, आणि त्याच वेळी उत्तरेची भिंत दिसली, जिथे कपाट ठेवायचं होतं ती.

वाघमोड्यांनी खाकरून विचारलं की तेवढं नाव तुमच्या तोंडून लिहू का, सर. गिरीशने मान डोलावली. त्यांनी लिहिलं. नाते या शब्दापुढे त्यांनी 'पत्नी' लिहिलं आणि गिरीशने खाली सही केली. या वेळी रफाराची गाठ त्याला नीट जमली नाही.

मग शिकलगारांनी फाइल उघडली, अर्जाचं शेवटचं पान वर घेतलं आणि माझ्या बाजूला वळवून ठेवलं. एकविसावी फुली होती तशीच होती, सहा मिलिमीटर आणि चार. त्यांनी खिशातून खोडरबर काढून पानाशेजारी ठेवला.

"शिकलगार," मी म्हणाले, "तुमची फी तीन हजार."

त्यांनी खोडरबर उचलला नाही. "मॅडम, ते मला कळलं," ते म्हणाले. "वाघमोड्यांना लिहायचंय. नीट सांगा."

"कसली फी?" गिरीशने विचारलं. त्याने चष्मा काढला होता, आणि चष्म्याशिवाय तो नेहमीच थोडा हरवल्यासारखा दिसायचा. "तीन हजार म्हणजे काय? अगं, काय चाललंय?"

मी त्याच्याकडे वळले.

"त्या घरात मी राहायला जाणार आहे," मी म्हणाले. "मी एकटी."